वर्कशीट वर्गाबाहेर पडते तेव्हा

वर्गात शिकवण्यासाठी शिक्षकाने दुसऱ्याचे चित्र घेतले, तर कायद्याने त्यात काही वावगे नाही. हे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण कॉपीराइटचा विषय निघाला की शिक्षकांच्या बैठकीत पहिल्यांदा धास्तीच पसरते. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 52 मध्ये काय काय केले तर कॉपीराइटचा भंग होत नाही, याची मोठी यादी आहे. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेली कुठल्याही कलाकृतीची नक्कल त्या यादीत बसते. परीक्षेच्या प्रश्नात छापलेले चित्र बसते, मुलाने उत्तरपत्रिकेत उतरवलेलेही बसते. म्हणजे चौथीच्या परिसर अभ्यासासाठी तुम्ही नेटवरून वाघाचा फोटो उतरवलात, खाली पाच प्रश्न लिहिलेत आणि वर्गातल्या सगळ्या पोरांना झेरॉक्स वाटलीत, तर त्या फोटोग्राफरची परवानगी काढत बसायचे कारण नाही.

अडचण येते ती पुढे, कारण झेरॉक्स वर्गात थांबत नाही. एखाद्या जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंनी शिवजयंतीसाठी दोन पानी वर्कशीट केली असे धरू. वर महाराजांचे चित्र, मध्ये जोड्या लावा, खाली रंगवायला किल्ला. सकाळी ती वर्गात वाटली. दुपारी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ गेली, कारण काही मुले गैरहजर होती. केंद्रातल्या मैत्रिणीने मागितली म्हणून केंद्राच्या ग्रुपवर गेली, तिथून तालुक्याच्या, तिथून टेलिग्रामवरच्या एखाद्या शैक्षणिक चॅनलवर. तिथे कोणीतरी खाली ‘संकलन’ लिहून स्वतःचे नाव घातले. पुढच्या फेब्रुवारीत तीच दोन पाने कुठल्याशा खासगी क्लासच्या विकतच्या पुस्तिकेत छापून आली. चित्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच होते. कागदाची जागा बदलत गेली, आणि जागा बदलली की कायद्याचे उत्तरही बदलते.

म्हणून चित्र निवडताना ‘हे घेऊ का?’ असे विचारण्याआधी ‘हा कागद कुठे कुठे जाणार?’ असे विचारा. पुढचे बहुतेक सगळे या एका प्रश्नावरून ठरते.

वर्गापासून टेलिग्रामपर्यंत

‘अध्यापनाच्या ओघात’ म्हणजे नेमके कुठून कुठपर्यंत, यावर आपल्याकडे एक गाजलेला खटला झाला आहे. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या दुकानात विद्यार्थ्यांना ‘कोर्स पॅक’ मिळत. प्राध्यापकांनी नेमलेल्या वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणे झेरॉक्स करून, एकत्र बांधून दिलेली. 2012 मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दुकानावर आणि दिल्ली विद्यापीठावर दावा लावला. सप्टेंबर 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने तो फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठाने काही मुद्दे पुन्हा तपासायला खाली धाडले, पण मूळ तत्त्व उचलून धरले. शिकवणे फळ्यासमोरच्या तासापुरते नसते, त्याआधीची तयारी आणि त्यानंतरचा अभ्यासही त्यातच येतो, आणि किती पाने घेतली यापेक्षा शिकवण्यासाठी तेवढी लागत होती का, हे पाहायचे, असे ते तत्त्व. याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेली याचिका 2017 मध्ये फेटाळली गेली.

एवढा भक्कम आधार पाठीशी असताना वर्गातल्या वर्कशीटसाठी घाबरायचे काही नाही. गैरहजर पोरांसाठी वर्गाच्या पालक ग्रुपवर पीडीएफ टाकणे हाही माझ्या मते शिकवण्याचाच भाग. मुले तीच, अभ्यास तोच, फक्त कागदाऐवजी मोबाइल.

केंद्राच्या ग्रुपवर मात्र तुमचे विद्यार्थी नसतात, तिथे सहकारी असतात. त्यांच्यातल्या एकीने ती उतरवून आपल्या वर्गात वापरली, तर तिच्या वर्गापुरती तीही सवलतीत बसते. पण टेलिग्राम चॅनल, ब्लॉग, यूट्यूब इथे पाहणारा कोण, याला काही धरबंधच नाही. कलम 52 मधली शिक्षकाची सवलत ‘नक्कल करण्या’ची आहे, एखादी गोष्ट लोकांपर्यंत पोहोचवणे हा कायद्यात वेगळा मोजलेला हक्क आहे, आणि तो चित्रकाराकडे असतो. ‘शैक्षणिक उपयोगासाठी’ अशी तळटीप दिली म्हणून यूट्यूबवरचा व्हिडिओ वर्ग होत नाही. नवोपक्रम स्पर्धेला पाठवलेला अहवाल, दीक्षा पोर्टलवर चढवायचा घटक, जिल्ह्याने छापायची कृतिपुस्तिका यांचेही तसेच. ही सगळी प्रकाशने आहेत, त्यांना प्रकाशनाचेच नियम लागतात. विक्रीबद्दल तर बोलायलाच नको.

यावर माझा सल्ला जरा आळशी वाटेल, पण तो टिकतो. चांगली वर्कशीट वर्गात राहत नाही, हे गृहीत धरूनच ती करा. वाघ, पाऊस, आंबा, एसटी, डोंगर यांची मोकळी चित्रे ढिगाने मिळतात, तिथे पहिल्यापासून मोकळीच घ्या. कलम 52 ची सवलत राखून ठेवा ती ज्याला पर्यायच नाही अशा गोष्टीसाठी. सातवीला जाहिरातीची भाषा शिकवताना खरी जाहिरातच दाखवावी लागते, व्यंगचित्राचा अर्थ लावायला ते व्यंगचित्रच हवे. असल्या वर्कशीटवर वर ठळक लिहा: ‘फक्त वर्गासाठी, पुढे पाठवू नये.’ कोणी ऐकेल न ऐकेल, तुमच्याकडून स्पष्ट झाले.

एकाच राजाची चार चित्रे

परत शिवजयंतीच्या वर्कशीटकडे येऊ, कारण कोणते चित्र मोकळे आणि कोणते नाही हे तिच्यावरून चांगले समजते.

ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये एका जुन्या चित्रसंग्रहात शिवाजी महाराजांचे सतराव्या शतकाच्या अखेरचे चित्र आहे. चित्र तीनशे वर्षांहून जुने, त्यावर कोणाचा हक्क उरलेला नाही, आणि हे संग्रहालय अशा चित्रांचे मोठ्या आकाराचे फोटो कोणालाही, कशासाठीही वापरू देते. वर्कशीटवर छापा, पुस्तकात घाला, विका. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्येही महाराजांचे त्याच सुमाराचे चित्र आहे. तेही तितकेच जुने. पण हे संग्रहालय आपल्या संकेतस्थळावरचे फोटो अटी घालून देते: श्रेय द्या, पैसे कमावण्यासाठी वापरू नका, बदल करून पुढे द्याल तर याच अटींवर द्या. शाळेला ते चालते, विकतच्या पुस्तिकेला चालत नाही.

तिसरे चित्र आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांत बसलेले, दीनानाथ दलालांनी रंगवलेले. आपल्याला ते इतके ओळखीचे आहे की त्याला कोणी कर्ता आहे हेच विसरायला होते. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून मोजून 60 वर्षे कॉपीराइट राहतो. दलाल 1971 मध्ये गेले. म्हणजे त्यांची चित्रे 2031 संपेपर्यंत मोकळी नाहीत. वर्गात दाखवायला हरकत नाही. फ्लेक्सवर, पुस्तिकेत, चॅनलच्या मुखचित्रावर नाही.

चौथे चित्र तुमच्या मोबाइलमध्ये आहे, किंवा उद्या असेल. सार्वजनिक जागी कायमच्या उभ्या असलेल्या पुतळ्याचा फोटो काढायला, त्याचे चित्र काढायला आणि ते छापायला कलम 52 ने सरळ मुभा दिली आहे. गावच्या चौकातला पुतळा असो की गेट वे ऑफ इंडियासमोरचा अश्वारूढ पुतळा, फोटो तुम्ही काढलात की तो तुमचा. चौथीतल्या मुलाला आपल्याच चौकातला पुतळा वर्कशीटवर दिसला तर तो कागद तो जास्त वेळ बघतो, हा फायदा वेगळाच. एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. ही मुभा पुतळ्यांना आणि इमारतींना आहे, चौकातल्या भिंतीवर कोणी रंगवलेल्या चित्राला नाही.

मृत्यूनंतरची साठ वर्षे हा हिशेब एकदा अंगवळणी पडला की कितीतरी गोष्टी आपोआप सुटतात. राजा रविवर्मा 1906 मध्ये गेले, ते केव्हाच मोकळे. एम. व्ही. धुरंधर 1944 मध्ये, बाबूराव पेंटर 1954 मध्ये. त्यांचीही मुदत उलटली. साठ हा आकडा पूर्वी पन्नास होता. रवींद्रनाथ ठाकूर 1941 मध्ये वारले, त्यांच्या लिखाणावरचा हक्क 1991 अखेर संपत होता, तेव्हा मुदत दहा वर्षांनी वाढवली गेली. इकडे आर. के. लक्ष्मण 2015 मध्ये गेले, म्हणजे त्यांचा सामान्य माणूस 2075 संपेपर्यंत राखीव. मारियो मिरांडा 2011 मध्ये. गोव्यातल्या शाळांच्या भित्तिपत्रकांवर त्यांचे मासळीबाजार आणि बँडवाले सर्रास उतरवलेले दिसतात, त्यांना 2071 अखेरपर्यंत थांबायचे आहे. छायाचित्रांना पूर्वी वेगळी मुदत होती, 2012 च्या दुरुस्तीने तीही चित्रांसारखी झाली.

चित्र कोणाचे हे नीट न पाहता हा हिशेब मांडला तर काय होते, त्याचा नमुना ‘ग्लो ऑफ होप’. हातात समई धरलेली, बोटांआडून उजेड झिरपणारी ती बाई. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातले हे चित्र नेटवर ठिकठिकाणी रविवर्म्याच्या नावावर खपवलेले दिसते. शिक्षक ते पाहतो, रविवर्मा म्हणजे जुना माणूस, मोकळा, असे धरून दिवाळीच्या शुभेच्छापत्रावर घालतो. प्रत्यक्षात ते सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे जलरंगातले चित्र आहे. हळदणकर 1968 मध्ये गेले. त्यांच्या चित्रांवरचा हक्क 2028 संपेपर्यंत जिवंत आहे. शंभरदा चुकीचे छापलेले नाव कायद्याच्या कामी येत नाही. नाव तपासायला पाच मिनिटे लागतात.

वारली चित्रांबद्दल हमखास विचारणा होते. तारपा नृत्य, चौक, सूर्य-चंद्र, त्रिकोणांची माणसे ही परंपरा कोणा एकाची नाही. त्या शैलीत तुम्ही स्वतः काढलेले चित्र तुमचे. पण जिव्या सोमा मशे यांनी काढलेले विशिष्ट चित्र त्यांचे आहे, आणि ते 2018 मध्ये गेले. फोटोतून ते उचलून तक्त्यावर घालणे आणि वारली शैलीत पोरांकडून तक्ता काढून घेणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी सोपीही आहे.

‘सौजन्य: गूगल’

शिक्षकांच्या पीपीटींवर शेवटच्या स्लाइडला ‘सौजन्य: गूगल’ किंवा ‘साभार: इंटरनेट’ असे लिहिलेले आढळते. हे लिहून काहीही साधत नाही. गूगल चित्र काढत नाही, ते कुठे आहे एवढे दाखवते. पिंटरेस्टही तसेच. शिवाय श्रेय देणे आणि परवानगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवानगी नसताना नाव दिले तरी चित्र विनापरवानाच राहते, आणि मुदत संपलेल्या चित्राला परवानगी लागत नसली तरी चित्रकाराचे नाव लिहिण्यात सभ्यता आहे. कलम 57 प्रमाणे आपल्या कृतीवर आपले नाव असावे आणि तिची मोडतोड होऊ नये, हा हक्क कर्त्याकडे राहतोच, भले त्याने कॉपीराइट दुसऱ्याला विकून टाकलेला असो.

वॉटरमार्क कापून टाकण्याची सवय तर आजच सोडा. कोपऱ्यातले एजन्सीचे नाव दिसू नये म्हणून फोटो थोडा क्रॉप करायचा, किंवा वर फुलांची चौकट चिकटवायची, हे आपल्याकडे कौशल्य म्हणून शिकवले जाते. 2012 च्या दुरुस्तीने कायद्यात आलेले कलम 65 बी यासाठीच आहे. चित्रावरची हक्कासंबंधीची माहिती जाणूनबुजून काढून टाकणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. कैदेपर्यंत गोष्ट क्वचितच जाईल, पण एक लक्षात घ्या: वॉटरमार्कसकट वापरलेले चित्र निष्काळजीपणा म्हणून माफ होईल, कापलेले होणार नाही. कापलेल्या कडेवरून तुम्हाला माहीत होते एवढे सिद्ध होते.

आता मोकळी चित्रे कुठे मिळतात ते पाहू. गूगलवर चित्रे शोधली की वर ‘टूल्स’ दिसते, त्यात ‘यूसेज राइट्स’, त्यात ‘क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सेस’. एवढे निवडले की निकालातली बरीचशी गर्दी गळून पडते. तरी तिथूनच चित्र उतरवू नका, मूळ पानावर जा आणि परवाना डोळ्यांनी वाचा. विकिमीडिया कॉमन्सवर गेलात तर चित्राच्या खालीच कर्ता, तारीख आणि परवाना लिहिलेला असतो. महाराष्ट्रातले किल्ले, लेणी, पक्षी, पिके, सण यांचे फोटो तिथे पुष्कळ आहेत. कधीकधी कोणी सिनेमाचे पोस्टरही ‘माझे स्वतःचे काम’ म्हणून चढवून ठेवतो. असले काही दिसले तर शहाण्या माणसाने पुढे जावे.

मला विशेष सुचवायचे आहे ते स्टोरीवीव्हर. प्रथम बुक्सने 2015 मध्ये सुरू केलेल्या या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतल्या बालकथा आहेत. त्या आणि त्यांची चित्रे ‘सीसी बाय 4.0’ परवान्याखाली, म्हणजे श्रेय दिले की कशीही वापरा, बदला, छापा, विका. चित्रांचा वेगळा साठाही आहे. त्यातली आजी नऊवारीतली असते, पोरे आपल्यासारखी दिसतात, घराला ओटा असतो. गोऱ्या मुलांच्या पांढऱ्या कुंपणाच्या क्लिपार्टवर ‘माझे कुटुंब’ शिकवण्यापेक्षा हे किती तरी बरे. दुसरीच्या वर्गासाठी इतकी जवळची आणि इतकी मोकळी चित्रे मला तरी दुसरीकडे दिसलेली नाहीत.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. पिक्साबे, पेक्सेल्स, अनस्प्लॅश मोफत आहेत, श्रेयाची सक्ती नाही. फ्रीपिकवर मोफत खाते असेल तर श्रेय द्यावेच लागते. कॅनव्हातले घटक तुमच्या रचनेत वापरता येतात, सुटे काढून ‘चित्रसंच’ म्हणून वाटता येत नाहीत. ग्रह-ताऱ्यांसाठी नासाची छायाचित्रे शिकवायला सर्वसाधारणपणे मोकळी असतात, तिचे बोधचिन्ह मात्र नाही. देवनागरी फाँटही कोणाचे तरी असतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फाँट मुक्त परवान्याचे आहेत, चोरून घेतलेल्या विकतच्या फाँटपेक्षा ते बसवून टाका.

भारताचा नकाशा घ्याल तेव्हा मात्र कॉपीराइटपेक्षा मोठी काळजी वेगळी. परदेशी संकेतस्थळांवरच्या पुष्कळ नकाशांत जम्मू-काश्मीर आणि अरुणाचलच्या सीमा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे हा 1961 च्या कायद्याने सहा महिन्यांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. नकाशा सर्व्हे ऑफ इंडियाच्याच संकेतस्थळावरून उतरवा, तिथे तो मोफत मिळतो.

अक्षरांचे परवाने

क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांत चार गोष्टी उलटसुलट येतात. ‘बाय’ म्हणजे श्रेय द्या. ‘एनसी’ म्हणजे धंद्यासाठी नाही. ‘एनडी’ म्हणजे बदल करून पुढे देऊ नका. रंगीत चित्राची बाह्यरेषा काढून रंगवायला दिलीत तर तोही बदलच. ‘एसए’ने शिक्षकांचा फार गोंधळ होतो. एसए चित्र वर्कशीटवर जसेच्या तसे ठेवले तर अख्खी वर्कशीट त्या परवान्याला बांधली जात नाही. पण त्या चित्रात फेरफार केलेत, दोन चित्रे जोडून तिसरे केलेत, तर ते तिसरे चित्र त्याच परवान्याखाली मोकळे सोडावे लागते. ‘सीसी झिरो’ असेल तर सगळेच मोकळे.

श्रेय द्यायचे ते असे, चित्राच्या खाली किंवा पानाच्या तळाला, बारीक अक्षरांत:

‘चित्र: रायगडावरील जगदीश्वर मंदिर. छायाचित्र: अमुक अमुक. विकिमीडिया कॉमन्स, सीसी बाय-एसए 4.0. मूळ चित्र कापून लहान केले आहे.’

काय, कोणाचे, कुठून, कोणत्या अटीवर, आणि काही बदलले असेल तर ते. लिहिताना विसरलात आणि नंतर कोणी दाखवून दिले, तर 4.0 च्या परवान्यांत तीस दिवसांत सुधारण्याची सोय आहे, तेवढ्यात दुरुस्त केले की परवाना परत लागू होतो. मी तर म्हणेन, चित्र उतरवतानाच फाइलच्या नावात परवाना लिहून ठेवा: ‘रायगड-मंदिर-सीसीबायएसए’. तीन महिन्यांनी ते चित्र कुठून आणले हे शोधण्यात जी रात्र जाते ती वाचेल.

शाळेच्या बोलक्या भिंती बघितल्या की छोटा भीम, डोरेमॉन, मोटू-पतलू रांगेने उभे असतात. ही पात्रे कंपन्यांची आहेत आणि त्यांच्यावर कॉपीराइटच्या जोडीला ट्रेडमार्कही असतो. गावातल्या भिंतीसाठी कोणी मुंबईहून वकील धाडेल असे वाटत नाही. तरी एक प्रश्न विचारावासा वाटतो: टीव्हीवर दिवसभर दिसणारा भीम भिंतीवर आणखी कशाला? तिथे गावची नदी, गावची जत्रा, तालुक्यातला किल्ला काढला तर पेंटरला तेवढेच पैसे लागतात. यूट्यूबवर बालगीतांचे चॅनल चालवणाऱ्यांनी मात्र हे गमतीत घेऊ नये. तिथे अशी पात्रे वापरलेले व्हिडिओ उडतात आणि स्ट्राइक बसतो.

बालभारतीच्या पुस्तकांबद्दलही थोडा गैरसमज आहे. सरकारचे पुस्तक म्हणजे सगळ्यांचे, असे समजून पाने स्कॅन करून ‘नोट्स’ विकल्या जातात. पुस्तकाच्या सुरुवातीलाच हक्क पाठ्यपुस्तक मंडळाकडे राखीव असल्याचे आणि लेखी परवानगीची अट असल्याचे छापलेले असते. सरकारी प्रकाशनांनाही प्रसिद्धीनंतर 60 वर्षे कॉपीराइट असतो. वर्गात ते पान प्रोजेक्टरवर लावायला कसलीच अडचण नाही. पीडीएफ हवी असेल तर मंडळ स्वतःच ती मोफत देते; स्कॅन पाठवण्यापेक्षा दुवा पाठवा, अक्षरेही स्वच्छ दिसतात.

एआयकडून चित्र करून घ्यायची सोय आता प्रत्येकाच्या मोबाइलात आहे. तिथे ‘छोटा भीम काढ’ म्हटलेत तर अडचण तीच राहते, पात्र कंपनीचेच. हयात चित्रकाराचे नाव घेऊन त्याच्या शैलीत मागू नका. आणि छापण्याआधी नीट पाहा: एआयच्या चित्रात बैलाला पाच पाय आणि फळ्यावर न वाचता येणारी देवनागरी असू शकते, आणि पहिलीच्या पोराला ते पहिल्यांदा दिसते.

स्वतः काढलेल्या चित्राला मात्र तोड नाही. आंब्याचा फोटो शोधत बसण्याऐवजी बाजारातून आंबा आणा, पांढऱ्या कागदावर ठेवा, खिडकीजवळ फोटो काढा. चित्रकला बरी असेल तर काळ्या पेनाने काढा. झेरॉक्समध्ये रेषाच चांगली उठते, फोटो काळवंडतो. मुलांकडूनही काढून घ्या. पण मुलाने काढलेले चित्र मुलाचे असते, वय आठ असले तरी. हस्तलिखितात, दिनदर्शिकेत, स्पर्धेच्या अहवालात ते घालताना खाली त्याचे नाव आणि इयत्ता लिहा, आणि शाळेबाहेर जाणार असेल तर आईवडिलांना विचारा. मुलांचे चेहरे दिसणारे फोटो असतील तर विचारणे टाळूच नका.

नोटीस आली तर, आणि तुमचेच कोणी उचलले तर

काही फोटो एजन्सी सॉफ्टवेअर लावून नेटभर आपली चित्रे शोधतात आणि वापरणाऱ्याला मेल धाडतात: एवढे पैसे भरा. शाळेच्या ब्लॉगला असा मेल आला तर आधी चित्र काढून टाका. घाबरून लगेच पैसे भरू नका, रागावून उत्तरही लिहू नका. पाठवणारा खरोखर त्या चित्राचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी आहे का, याचा पुरावा मागा, मुख्याध्यापकांना कळवा, आणि रक्कम मोठी असेल तर वकिलाला दाखवा. जाणूनबुजून कॉपीराइट मोडला तर कलम 63 प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते दोन लाख दंड आहे. पैसे कमावण्याचा हेतू नसेल तर न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते. शिक्षकाने वेळीच काढून टाकलेल्या चित्रावरून गोष्ट इतकी ताणली जाणे अवघड आहे.

उलट बाजूही आहेच. तुमची वर्कशीट ही तुमची निर्मिती आहे, तिच्यावर कॉपीराइट आहे, आणि त्यासाठी नोंदणीची गरज नाही. कागदावर उतरली त्या क्षणी हक्क लागू होतो. फक्त, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो, असे कलम 17 सांगते. खासगी संस्थेत असाल तर नेमणुकीचे पत्र काढून एकदा वाचा, आणि बाहेर पुस्तिका काढायची असेल तर आधी लेखी विचारून ठेवा.

कोणी तुमचे नाव काढून आपले घातले, तर ग्रुपवर भांडण मांडण्याआधी मूळ फाइल, ती पहिल्यांदा पाठवलेली तारीख आणि त्याच्या पीडीएफचा स्क्रीनशॉट जवळ ठेवा. व्हॉट्सॲपवरचा जुना मेसेज यात फार उपयोगी पडतो, तो डिलीट करू नका. चॅनल यूट्यूबवर असेल तर तक्रारीचा अर्ज तिथेच भरता येतो. क्लासने छापले असेल तर आधी साधे पत्र पाठवा: अमुक पाने माझी, अमुक तारखेची, पुढच्या छपाईत काढा किंवा परवानगी घ्या. बहुतेकदा एवढ्यावर भागते, कारण छापणाऱ्याला ती कोणाची हेच माहीत नसते, खाली नाव तिसऱ्याचेच असते.

आणि तुमची वर्कशीट लोकांनी खुशाल वापरावी असे तुम्हालाच वाटत असेल, बहुतेक शिक्षकांना वाटतेच, तर ते मनात ठेवू नका. पानाच्या तळाला एक ओळ घाला: ‘निर्मिती: तुमचे नाव, शाळा. सीसी बाय-एनसी 4.0. नाव ठेवून मोफत वापरा, विक्री करू नये.’ मात्र त्याआधी वरच्या चित्रावर एकदा नजर टाका. तेच दुसऱ्याचे असेल, तर खालची ओळ त्याच्या वतीने लिहायचा तुम्हाला अधिकार नाही.